मदत हवी आहे: काळी चारसाठी कॅपो कुठे लावायचा? (अर्जंट)

सहावी_तार
सोसायटीच्या गणपतीत शनिवारी कार्यक्रम, उद्या शेवटची तालीम. शेजारच्या काकू अभंग गाणार, मी गिटारवर साथीला. कॉर्ड पाठ आहेत: ई मायनर, जी, सी, डी. काकूंची पट्टी काळी चार. काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) म्हणजे जी शार्प, म्हणून कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारी क्लिप) पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या पहिल्या पडद्यावर लावला. जुळतच नाही. काकू म्हणतात, "फार खाली लावलंयस रे." थिअरीवर व्याख्यान नको, फक्त फ्रेटचा नंबर सांगा.

चिंच_गूळ
अभंग कुठला?

सहावी_तार
त्याने काय फरक पडतो? पट्टी सांगितली ना.

गिटारवेडा_डोंबिवली
नंबर-बिंबर सोड. काकूंना सा लावायला सांग आणि कॅपो एकेक फ्रेट वर सरकवत जा. जिथे जुळेल तिथे थांब. मी सगळं असंच शिकलो, आयुष्यात एक स्केल पाठ केलं नाही.

अटलांटाकर
इथेच आपल्याकडची मुलं मार खातात. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षांचा अभ्यासक्रम पहिल्यापासून नीट करा. माझी मुलगी नोटेशन बघून थेट वाजवते.

गिटारवेडा_डोंबिवली
उद्या संध्याकाळपर्यंत कुठली ग्रेड होते ते पण सांगा.

पेटीवाला
@सहावी_तार, फरक पडतो. गाणं शेवटी कुठल्या कॉर्डवर येऊन थांबतं? आणि पेटी आहे का सोबत?

माऊ
बोटं दुखत असतील तर नायलॉनच्या तारा बघा. पण उलटं करू नका हं, क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावल्या तर ब्रिज उखडतो.

सहावी_तार
बोटं दुखत नाहीयेत. गाणं ई मायनरने सुरू होतं आणि तिथेच संपतं. पेटी आहे, काकूंच्या सासऱ्यांच्या वेळची.

पेटीवाला
मग झालं. जी, सी, डी, ई मायनर हे चार कॉर्ड जी मेजरमध्येही येतात आणि ई मायनरमध्येही. सूर तेच, फक्त सा वेगळा. तू जीला सा धरलास, पण गाणं ईवर विसावतंय, म्हणजे सा ई. कॅपो एकवर लावलास तेव्हा तुझा सा गेला एफवर आणि काकू गातायत जी शार्पमधून. तीन फ्रेट खाली. त्या बरोबरच सांगत होत्या.

आता ईपासून मोज: एफ, एफ शार्प, जी, जी शार्प. कॅपो चौथ्या फ्रेटवर. बोटं तीच ठेव.

जुन्या पेटीसोबत ट्यूनर ॲपवर विसंबू नकोस, अशा पेट्या बहुतेक वेळा थोड्या वर नाहीतर खाली असतात. कॅपो काढ, पेटीची पांढरी तीन दाबून धरायला सांग आणि तिच्यावर ईची तार मिळव. बाकीच्या तारा तिच्यावरून.

अजून एक. ध कोमल आहे की शुद्ध? कोमल असेल तर सी चालेल. शुद्ध असेल तर सी वाजवलास की त्या ओळीला हमखास खटकेल, तिथे ए मेजर घे.

स्वरसाधक
एवढा खटाटोप करण्यापेक्षा कॉर्ड वाजवूच नयेत. अभंगाला तंबोरा, पेटी, पखवाज, टाळ पुरे. फार तर सा आणि प छेडत बसा. प्रत्येक ओळीखाली मेजर-मायनर ठेवलं की रागाचा चेहराच जातो. गिटार हे रागाचं वाद्यच नव्हे.

गिटारवेडा_डोंबिवली
विश्वमोहन भट्टांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं ते बासरीसाठी का?

स्वरसाधक
भट्टांची मोहनवीणा (गिटारच बदलून केलेली) तारेवर स्लाइड सरकवून वाजते, त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघते. तुमच्या फ्रेटवर दोन पडद्यांमधला सूर कसा काढणार?

गिटारवेडा_डोंबिवली
तार ओढून. आणि दोन पडद्यांमधला सूर पेटीत तरी कुठे असतो? तुम्हीच वर पेटी चालेल म्हणालात. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती याच कारणावरून. पार १९७१ पर्यंत होती. आज पेटीशिवाय अभंग करून दाखवा.

स्वरसाधक
पेटी गळ्याच्या मागून जाते. गिटारवाले गळ्याच्या पुढून जातात.

चिंच_गूळ
हे मात्र खरंय 😀 पण वाद वाढण्याआधी मूळ प्रश्नाकडे या. ध कुठला?

सहावी_तार
कसा ओळखायचा? मला सारेगम येत नाही.

पेटीवाला
पेटीवर सा काळी चार. कोमल ध म्हणजे पांढरी तीन, शुद्ध ध म्हणजे पांढरी चार. शेजारशेजारच्याच पट्ट्या आहेत. काकू वर चढतात ती ओळ गायला सांग आणि दोन्ही दाबून बघ, एक लगेच बोचेल. दोन्ही येत असतील तर त्या जागी कॉर्ड बदलूच नकोस, ई मायनरवर बसून राहा.

अटलांटाकर
म्हणजे डोरियन (शुद्ध धचं पाश्चात्य स्केल) आणि एओलियन (कोमल धचं). मी तेच म्हणत होतो.

गिटारवेडा_डोंबिवली
तुम्ही मुलीचं म्हणत होतात.

सहावी_तार
चार नंबरवर लावून काकूंचं रेकॉर्डिंग चालवलं. जुळतंय! सी पण चालतोय. पण त्या कालच म्हणाल्या होत्या की शेवटचा अभंग "मध्यमातून" घेणार. त्याचे कॉर्डही हेच आहेत. मग कॅपो हाच ना?

पेटीवाला
हे आधी सांगायचं की राव! काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक. त्या अभंगापुरता तोच सा, म्हणजे सी शार्प. ईचेच आकार ठेवलेस तर कॅपो नवव्या फ्रेटवर जाईल, आवाज चिमटल्यासारखा येईल. ए मायनर, सी, एफ, जी धर आणि कॅपो चौथ्यावरच राहू दे, हलवायला नको. एफ जमतो ना?

सहावी_तार
एफ म्हणजे ती बार कॉर्ड, एका बोटाने सगळ्या तारा दाबायची?

माऊ
आता बोटं दुखतील.