मदत हवी आहे : नुकसानभरपाईसाठी भाडेकरूचे सामान अडवून ठेवता येते का? (गोवा)

नमस्कार.

फोंडा तालुक्यातील आमच्या घराचा तळमजला आईने अकरा महिन्यांच्या करारावर शिवणकाम करणाऱ्या एका कुटुंबाला दिला होता. महिनाअखेरीस ते जागा सोडणार आहेत. पुढच्या खोलीतील तांबड्या सिमेंटच्या जमिनीत भोके पाडून त्यांनी शिलाई यंत्रे बोल्टने बसवली होती; प्रत्येक भोकाभोवती तेल मुरून वीतभर काळा डाग पडला आहे आणि दोन तडे थेट भिंतीपर्यंत गेले आहेत. शिवाय पावसाळाभर उघडी राहिल्यामुळे सागवानी खिडकीची चौकट खालून कुजली आहे. गवंडी आणि सुतार यांनी मिळून ७५,००० रुपये खर्च सांगितला असून आमच्याकडे अनामत आहे ती ४०,००० रुपयांची.

करारात असे कलम आहे की, नुकसान भरून मिळेपर्यंत भाडेकरूचे सामान ताब्यात ठेवण्याचा अधिकार मालकाला राहील. त्याच्या आधारे दोन यंत्रे आणि फ्रिज ठेवून घ्यावा, असे आईचे म्हणणे आहे. तिचा सगळा खर्च या भाड्यावर चालतो, त्यामुळे तिची काळजी मला रास्त वाटते. पण ज्या यंत्रांवर त्या कुटुंबाचे पोट आहे तीच अडवणे मनाला पटत नाही. हे कलम कायद्यापुढे टिकेल का? टिकणार नसेल, तर उरलेली रक्कम कशी वसूल करावी?

प्रतिसाद

ताई, कलम काहीही असो, सामानाला हात लावू नका आणि खोलीला कुलूपही घालू नका.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ नुसार येणे वसूल होईपर्यंत वस्तू राखून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क बँका, अडते, धक्केवाले (बंदराच्या धक्क्यावर माल ठेवून घेणारे), उच्च न्यायालयाचे वकील आणि विमा दलाल यांना आहे. त्यात घरमालक नाही. इतरांना स्पष्ट कराराने तो हक्क मिळू शकतो, परंतु तो आपल्या स्वाधीन केलेल्या वस्तूंपुरता. भाडेकरूने स्वतःच्या वापरासाठी खोलीत ठेवलेले सामान तुमच्या स्वाधीन केलेले नसते. थकलेल्या भाड्यापोटी सामान जप्त करण्याची सोय १८८२ च्या एका कायद्याने जुन्या प्रेसिडेन्सी शहरांसाठी (मुंबई, कोलकाता, चेन्नई) केली होती, पण तीही न्यायालयामार्फत आणि केवळ भाड्यासाठी. गोव्यात तिचा उपयोग नाही.

यंत्रांबाबत तर आणखी एक अडचण आहे. तुम्ही दावा जिंकलात तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची अवजारे, आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. न्यायालय जे घेणार नाही ते आईने घेणे धोक्याचे आहे.

तुमचे खरे तारण अनामत हेच. मात्र तीही सरसकट ठेवून घेता येत नाही: मौला बक्ष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितले की, नुकसान पैशांत मोजता येत असेल तर ते सिद्ध करावे लागते. म्हणून चावी घेताना दोघांनी मिळून जागेची पाहणी करावी, फोटो काढावेत, टिपणावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि गवंडी-सुतारांची बिले जपावीत. वापराने होणारी नेहमीची झीज मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार भाडेकरूच्या माथी मारता येत नाही; बोल्टची भोके मात्र त्या झिजेत बसणार नाहीत, असे मला वाटते. खिडकीबाबत वाद होईल, कारण लाकूड आधीच जुने होते असे ते म्हणू शकतात. उरलेल्या रकमेसाठी आधी लेखी नोटीस आणि नंतर तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा हा मार्ग आहे. वसुली टाळण्यासाठी ते मालमत्ता हलवत आहेत असे पुराव्याने दाखवता आले, तर दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८, नियम ५ खाली तारण मागता येते.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. ते हप्त्याने पैसे द्यायला तयार आहेत आणि तोपर्यंत फ्रिज तुमच्याकडे राहू दे, असे त्यांनी स्वतःहून सुचवले आहे. हे चालेल का?

प्रतिसाद

चालेल. येण्यापोटी स्वखुशीने ताब्यात दिलेली वस्तू करार कायद्याच्या कलम १७२ प्रमाणे तारण ठरते. रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि फ्रिजची सद्यःस्थिती लिहून दोघांच्या सह्या घ्या. आईने तो वापरू नये, आणि हप्ते थकले तरी रीतसर नोटीस दिल्याशिवाय विकू नये.