स्टीम डेक एलसीडी: डावी स्टिक सरकते, जायरो लावला की चालणं अडखळतं

तिरपी_काडी

हातात धरून खेळायच्या स्टीम डेकचं एलसीडी मॉडेल, स्टीमओएस (त्याची सिस्टीम) अद्ययावत. अडचणी तीन.

डावी स्टिक सोडली तरी पात्र हळूहळू डावीकडे सरकतं. डेडझोन, म्हणजे मध्याजवळची जी हालचाल मोजली जात नाही ती जागा, वाढवला की थांबतं, पण मग हळू चालताच येत नाही. एक तर उभं, नाही तर धावतंय.

बारीक नेमासाठी जायरो (डेक वळवलेला ओळखणारा सेन्सर) माउससारखा लावला, तर स्क्रीनवर बटणांची चित्रं कीबोर्डची आणि गेमपॅडची अशी आलटून पालटून लुकलुकतात, आणि चालणं मध्येच तुटतं.

तिसरं, डेस्कटॉप मोडमध्ये हिरोइक लाँचरमधून (स्टीमबाहेरचे गेम चालवणारं ॲप) गेम उघडला की स्टिक मेल्यासारख्या. ट्रॅकपॅडने नुसता माउस हलतो.

भारतात डेक अधिकृतपणे विकला जात नाही, त्यामुळे सर्व्हिस सेंटरचा प्रश्नच नाही. स्टिक बदलावी लागेल, की सेटिंगमध्ये भागेल?

बटणबहाद्दर

एवढ्यात स्क्रू ड्रायव्हर नको. हालचाल गेमपर्यंत पोचायच्या आत तिच्यावर चार ठिकाणी कात्री लागू शकते: खुद्द स्टिक, सिस्टीमचा डेडझोन, स्टीम इनपुटमधला त्या गेमचा लेआउट (कुठलं बटण काय करेल याची मांडणी) आणि गेमची स्वतःची सेटिंग. 'उभं नाही तर धावतंय' हे डेडझोनवर डेडझोन चढल्याचं लक्षण. लेआउटमध्ये १५ टक्के आणि गेममध्ये १५ टक्के असतील, तर पहिला थर १५ खातो, दुसरा उरलेल्या ८५ चे १५ टक्के खातो. म्हणजे स्टिक जवळजवळ २८ टक्के कलेपर्यंत काहीच घडत नाही, आणि चालण्या-धावण्याची सगळी मजल उरलेल्या जागेत कोंबली जाते.

म्हणून एकच थर ठेवा. गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन शून्य करा, लेआउटमध्ये त्या स्टिकसाठी वेगळा डेडझोन देऊ नका, आणि हवा तेवढा फक्त सेटिंग्ज > कंट्रोलर > कॅलिब्रेशन इथे द्या. काही गेम स्वतःचा डेडझोन कमी करू देत नाहीत. तिथे उलटं करा, म्हणजे बाकीचे दोन्ही शून्याजवळ आणा.

त्याआधी सेटिंग्ज > कंट्रोलर > टेस्ट डिव्हाइस इनपुट्स उघडा. स्टिक चारही दिशांना टोकापर्यंत नेऊन झटकन सोडा, प्रत्येक दिशेला निदान पाच वेळा, आणि ठिपका कुठे थांबतो ते बघा. दर वेळी एकाच चुकीच्या जागी थांबत असेल तर मध्य सरकलाय, कॅलिब्रेशनने काम होईल. दर वेळी वेगळीकडे थांबत असेल तर आतली झीज. नंतर स्टिक अगदी सावकाश ढकला. ठिपका वाटेत कुठे उडी मारत असेल तर तेही लिहा.

हिरोइकचं उत्तर सोपं आहे. डेस्कटॉप मोडमध्ये डेक मुद्दाम माउस-कीबोर्ड होतो. लाँचरमध्येच 'स्टीममध्ये जोडा' असा पर्याय आहे. प्रत्येक गेम तसा जोडा आणि गेमिंग मोडमधून उघडा, म्हणजे त्याला स्वतःचा लेआउट मिळतो. डेस्कटॉपवरच खेळायचं असेल तर तीन रेघांचं मेनू बटण काही सेकंद दाबून धरा, गेमपॅडचा लेआउट लागतो.

नेमबाज_डावखुरा

जायरोत तुमची चूक नाही. जायरो माउस पाठवतो, स्टिक गेमपॅड पाठवते. बऱ्याच गेमना एका वेळी एकच साधन कळतं, दुसऱ्याचा इशारा आला की पहिलं सोडतात. चित्रं लुकलुकतात ती त्यामुळे, आणि चालणंही त्याच क्षणी तुटतं.

गेमच्या सेटिंगमध्ये दोन्ही इनपुट एकत्र चालवायचा पर्याय असेल तर तो चालू करा, प्रश्न संपला. नसेल तर दोन वाटा. एक, सगळा लेआउट कीबोर्ड-माउसचा करायचा: डावी स्टिक डब्ल्यूएएसडी (कीबोर्डवरच्या चालायच्या कळा), ट्रिगर म्हणजे माउसची बटणं. नेम उत्तम लागतो, पण हळू चालणं जातं, कारण कळ एक तर दाबलेली असते नाही तर सोडलेली. दोन, जायरोला उजव्या स्टिकचं सोंग द्यायचं. मग सगळं गेमपॅडच राहतं, पण गेमचा डेडझोन आणि वळण्याची कमाल गती जायरोलाही लागू होते, त्यामुळे नेम थोडा चिकट वाटतो. तुम्हाला हळू चालणं हवंय, तर दुसरी वाट धरा.

माउसवाला प्रकार वापरणार असाल तर 'जायरो टू माउस' घ्या आणि आधी 'डॉट्स पर ३६०' जुळवा, म्हणजे कॅमेरा एक पूर्ण फेरा घ्यायला माउसचे किती ठिपके लागतात तो आकडा. हा बरोबर बसला की संवेदनशीलता अंदाजाची राहत नाही. ३ पट ठेवली तर डेक १० अंश वळवल्यावर कॅमेरा ३० अंश वळतो. २ ते ४ च्या मध्ये कुठेतरी हात बसतो.

जायरो सतत चालू ठेवू नका. उजव्या स्टिकवर अंगठा टेकला की चालू, उचलला की बंद, अशी जोडणी ठेवा. हात अवघडला की अंगठा उचलायचा, डेक सरळ करायचा, पुन्हा टेकवायचा. मात्र स्टिकवर रबरी टोप्या चढवल्या असतील तर स्पर्श पोचत नाही, आणि माणूस दोष सेटिंगला देत बसतो.

कॅमेरा आपोआप वाहत असेल तर जायरोचं कॅलिब्रेशन डेक टेबलावर सपाट ठेवून करा, हातात धरून कधीच नाही. तेही अर्धा तास खेळून झाल्यावर, कारण सेन्सर तापला की त्याचं शून्य थोडं हलतं.

आणि उडी मारणं आर४ वर, म्हणजे डेकच्या मागच्या बटणावर टाका. ए दाबायला अंगठा स्टिकवरून उचललात की जायरोही बंद पडतो, नेमका हवेत असताना.

तिरपी_काडी

गेमचा डेडझोन शून्य केल्यावर हळू चालणं जमलं. जायरो उजव्या स्टिकसारखा लावला, लुकलुकणं थांबलं. हिरोइकचंही झालं.

चाचणीत मात्र डावीकडून सोडल्यावर ठिपका मध्याच्या बराच डावीकडे थांबतो, उजवीकडून सोडल्यावर जवळजवळ मध्यावर. सावकाश ढकलताना एका ठरावीक जागी उडी मारतो.

स्क्रू_ढिला

ठरावीक जागी उडी म्हणजे कार्बनची पट्टी तिथे झिजली. पोटेन्शियोमीटरवाल्या कुठल्याही स्टिकचं कधी ना कधी हेच होतं, कारण आत पट्टीवर धातूचा काटा घासत असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब धूळ धुतात आणि काही दिवस बरे जातात, पण झिजलेला कार्बन परत येत नाही. हॉल सेन्सरची स्टिक घाला. तिच्यात चुंबक असतो, घासत काही नाही.

मागवण्याआधी उघडून बघावं लागेल. एलसीडी डेकमध्ये दोन प्रकारच्या स्टिक आल्या. छोट्या बोर्डावर एकीच्या एमएचडीए आणि दुसरीच्या एमईडीए अशी अक्षरं असतात. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. स्पर्श ओळखणारीच घ्या, नाही तर वर सांगितलेली जायरोची जोडणी गेली.

सर्वात आधी मायक्रोएसडी कार्ड काढा. ते आत राहिलं तर झाकण उचलताना मोडतं. बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली आणा. डेक बंद करून आवाज वाढवायचं बटण धरून पॉवर दाबा, सेटअप युटिलिटीत पॉवरखाली बॅटरी स्टोरेज मोड निवडा. यानंतर चार्जर लावेपर्यंत डेक जागा होत नाही.

मागे फिलिप्सचे ८ स्क्रू, ४ लांब आणि ४ आखूड. कागदावर डेकचं चित्र काढून जागच्या जागी ठेवा. आतल्या पत्र्याचा एक स्क्रू चंदेरी चिकटपट्टीखाली लपलेला असतो. पत्रा निघाला की आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग स्टिक. तिला ३ स्क्रू आणि एक चपटी केबल. कनेक्टरची झडप आधी वर करा, केबल तशीच ओढू नका.

परत लावताना झाकणाचे स्क्रू सरळ प्लास्टिकमध्ये बसतात. आधी उलटे फिरवा, 'टक्' झालं की जुन्या आट्यात बसलं समजा, मगच बेताने आवळा. नव्या आट्या पाडल्या तर तिसऱ्या-चौथ्या वेळी तो स्क्रू नुसता फिरत राहील.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा ठिपका मध्यावर नसेल. घाबरून पुन्हा उघडू नका, नव्या स्टिकचे आकडे जुनीपेक्षा वेगळे असतात. डेस्कटॉप मोडमध्ये कॉन्सोल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि थंबस्टिक, अंडरस्कोर, कॅल हे सलग, इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहून एंटर दाबा. स्क्रीनवर येतील त्या सूचना दोन्ही स्टिकसाठी पाळा. मग सिस्टीमचा डेडझोन शून्यापासून एकेक पायरी वाढवत, ठिपका शांत होईल तिथे थांबा.