मे महिन्यात वाडीत बीट-मेकिंग: पोरं मोकळी होतील की बिघडतील?

खाडीकाठचा (गुहागर):
समाजमंदिरात पंधरा दिवस पोरांना बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारा ताल, बनवायला शिकवावं म्हणतोय. सामान म्हणजे दोन जुने लॅपटॉप आणि त्यांचेच मोबाईल. बॅण्डलॅब हे संगीत बनवायचं अ‍ॅप फुकट आहे. गेल्या वर्षी नववीतला एक मुलगा यायचा. बाप बोटीवर, घरात आजी. तोंडातून शब्द नाही. चार दिवस नुसते जेटीवरचे आवाज रेकॉर्ड करत बसला: बर्फ फोडल्याचा, इंजिनाच्या धकधकीचा. मिनिटाला ९० ठोक्यांवर त्याचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) बसला तेव्हा म्हणाला, "बाबांची बोट अशीच वाजते." मग आपणहून बोलत सुटला. म्हणून म्हणतो, रॅप नंतर, आधी बीट.

निवृत्त गुरुजी:
कौतुक आहे, पण जरा जपून. 'हिप हॉप थेरपी', म्हणजे रॅप-हिप हॉपमधून मानसिक उपचार, मांडणारे एडगर टायसन हे समाजकार्यातले माणूस. पोरांना गाणी ऐकवून बोलतं करायचं, तर त्यामागे शिक्षण लागतं. उद्या एखाद्याने घरातलं भलतंच काही सांगितलं, तर तुम्ही काय, पुढचा लूप लावणार? आणि आपल्या जाखडी नाचाला पोरं मिळत नाहीत, मृदंग धूळ खातोय, तिथे ही न्यूयॉर्कची उसनवारी कशाला?

घुंगरू:
उसनवारी कसली गुरुजी? जाखडीतले दोन पक्ष, शक्तीवाले-तुरेवाले, रात्रभर सवाल-जवाबात एकमेकांची उणीदुणी काढतात, तेव्हा आपण टाळ्याच पिटतो ना? न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १९७३च्या सुमारास हिप हॉपची सुरुवात करणारा डीजे कूल हर्क दोन तबकड्यांवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा, कारण नाचणाऱ्यांना तोच हवा असायचा. आपला मृदंगवाला तरी नाचणाऱ्यांचे पाय बघूनच लय चढवतो.

निवृत्त गुरुजी:
शक्ती-तुऱ्यात आधी गण होतो, गुरूचं नाव घ्यावं लागतं. उणीदुणी त्या चौकटीत. मोबाईलला कसली चौकट? शिव्या ऐकल्यात त्या गाण्यांमधल्या?

दोन मुलींची आई:
आमच्या गावच्या जाखडीत मुलींना जागा नाही, गुरुजी. तुमच्या चौकटीत माझ्या पोरी कुठे बसवू? दादा, मुलींना घेणार असाल तर दोघींची नावं लिहा. वेळ मात्र दिवसाउजेडी ठेवा.

मालवणकर:
सगळा बरा आसा, पण वळवाचो पाऊस इलो काय लाईट दोन दिस गायब. ल्यापटॉप कशार चालवतलास?

खाडीकाठचा:
लाईटचं खरंय, मालवणकर. म्हणूनच मोबाईल. ताई, मुलींना घेणारच, वेळ सकाळी नऊ ते बारा. गुरुजी, मी उपचार करतो असं कुणाला सांगणार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दारावर लावतो.

निवृत्त गुरुजी:
नंबर लावून जबाबदारी संपत नाही. तालुक्यातल्या समुपदेशक बाईंना दोनदा तरी बोलवा. त्या येणार असतील तर मृदंग घेऊन मीही येईन. पोरांना खऱ्या कातड्याचा आवाज तरी रेकॉर्ड करू दे.

खाडीकाठचा:
बाईंना आजच फोन करतो. शेवटचा दिवस जूनमध्ये ढकलू का? १ जूनपासून मासेमारी बंद, बाप घरी असतील.