दादाला घरीच कॉम्प्युटर शिकवायचाय, सल्ला हवा

बार्शीची_धाकटी: दादाची (४८) नजर काचबिंदूने गेल्या वर्षी पूर्ण गेली. पतसंस्थेत कारकून होता. क्लासवाल्यांनी "जमणार नाही" सांगितलं, म्हणून मीच शिकवणार. बजेट सगळं धरून १५ हजार. काय घेऊ, सुरुवात कुठून करू?

कोकणकडा: ६० हजारांच्या खाली लॅपटॉप बघूच नका. माझा चार वर्षांत एकदाही दुरुस्तीला गेला नाही. सोबत जॉज (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) घ्या, त्याला तोड नाही.

माळरान: जॉज विकत घ्यावं लागतं, ताईंचं बजेट वाचा. मला स्वतःला दिसत नाही, मी एनव्हीडीए या तशाच सॉफ्टवेअरवर शिकलो. फुकट आहे. इन्सर्ट धरून १ दाबा, मग कुठलंही बटण दाबलं की नुसतं त्याचं नाव ऐकू येतं, काही बिघडत नाही. पहिला आठवडा एवढंच. माउस कपाटात ठेवा. आणि दादांचा हात धरून बटणावर नेऊ नका. एफ आणि जे वरची बारीक उंच रेघ त्यांची त्यांना सापडू दे.

चहाबाज: ब्रेलचे स्टिकर लावा, मी काकूसाठी आणले होते.

माळरान: चाळिशीनंतर नजर गेली की बहुतेकांना ब्रेल येत नसतं.

चहाबाज: काकूलाही येत नव्हतं, शिकली की!

गोदाकाठ: एनव्हीडीए घ्या, फुकट आहे. मराठी आवाजही त्यातच मिळतो, जरा यंत्रासारखा वाटतो, पण कानाला सवय होते. मात्र ऑफिसच्या जुन्या फॉन्टमधल्या फायली तो भलतंच काहीतरी वाचतो, युनिकोडच (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी वाचली जाणारी अक्षरं) लागतं. माझे सासरे महिनाभर आपलेच कान बिघडले समजत होते, फार वाईट वाटलं. टायपिंगला इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकवा.

कोकणकडा: इनस्क्रिप्टच. आणि लॅपटॉपचं मी सांगितलंच आहे.

पाटीवरचा: कॉम्प्युटर कशाला, मोबाइलवर टॉकबॅक आहे ना, तोही स्क्रीन वाचून दाखवतो.

माळरान: हिशेबाचे तक्ते मोबाइलवर करून बघा एकदा.

बार्शीची_धाकटी: सगळ्यांचे आभार. साडेनऊ हजारांत जुना डेस्कटॉप घेतला, मोठ्या कीबोर्डचा. इनस्क्रिप्टला दादा नाहीच म्हणाला. त्याची मराठी ४० ची टायपिंग परीक्षा झालेली, बोटांना टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणीच येते. युनिकोडमध्ये तीच मांडणी बसवून दिली. काल त्याने आईचं नाव टाइप केलं, आवाजाने 'सुशीला'चं 'सुशील' वाचलं. मी काही बोलायच्या आतच "काना राहिला" म्हणाला आणि मागे जाऊन घातला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. आवाज फार भरभर बोलतो, हळू कसा करायचा?

माळरान: इन्सर्ट आणि कंट्रोल धरून उजवा बाण दाबत जा. 'रेट' ऐकू आलं की तसंच धरून खालचा बाण.