मदत हवी आहे: नाटक उभं करणारी पोरं मुलाखतीत गप्प का?

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. यंदा शेवटच्या वर्षाचा 'नेतृत्व विकास' वर्ग माझ्या गळ्यात आलाय. गेल्या वर्षी बाहेरून प्रशिक्षक आले होते. इंग्रजी स्लाइडा, टाळ्या, प्रमाणपत्रं. पोरांनी मान डोलावली आणि एसटी पकडली.

हीच पोरं दिवाळीनंतर गावात झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं, नाटक आणतात. नाटक कंपन्यांच्या वडशाला जाऊन कंपनीशी घासाघीस, वर्गणी, मंडप, तिकिटं, दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत) असला तर ती गर्दी, आणि शेवटी सगळ्या गावासमोर हिशोब. (आमच्या स्नेहसंमेलनाचा हिशोब इतका चोख मी तरी पाहिला नाही.) पण मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की नाव, गाव, संपलं. नाटकाच्या मंडळाच्या खजिनदारानं बायोडेटात लिहिलंय, छंद: क्रिकेट.

सलग वेळ मिळत नाही. पावसाळ्यात भाताची रोवणी, मग कापणी, मे महिन्यात तेंदूपत्ता. हाताशी आहे ते राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) सात दिवसांचं शिबिर. ते पूर्ण पोरांच्या हाती सोपवावं म्हणतो. पैशाचं किती सोपवावं? आणि केलेलं काम बोलून दाखवायला कसं शिकवायचं? कोणी केलंय का असं?

ब्रह्मपुरीकर: केलंय. बिलावर सही कार्यक्रम अधिकाऱ्याचीच ठेवा, पण दरपत्रकं आणणं, दुकान ठरवणं, किराण्याची यादी पोरांकडे द्या. रोज रात्री जेवणानंतर हिशोब वाचायचा, कोणीही प्रश्न विचारायचा. पहिल्या दिवशी सगळे गप्प होते, तिसऱ्या दिवशी तेलावरून भांडण झालं. मुलाखतीच्या सरावात "स्वतःबद्दल" विचारूच नका. "कंपनीची गाडी उशिरा आली तेव्हा पब्लिक कसं आवरलं?" असं विचारा. आधी झाडीबोलीतच बोलू द्या, प्रमाण मराठी नंतर.

पोर्णिमा_आरमोरी: सर, नाटकाच्या मंडळात पोरी किती असतात? आमच्याकडे एकही नव्हती. तुमचा वर्ग मंडळाच्या अनुभवावर उभा राहिला तर अर्धा वर्ग पहिल्याच दिवशी मागे पडेल. पोरींना आईच्या बचत गटाचं रजिस्टर विचारा. कर्जाचे हप्ते, व्याज, बँकेची चक्कर, बरेचदा सगळं पोरीच बघतात.

धागाकर्ता: ताई, एकही नसते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शिबिराची खजिनदार मुलगीच ठेवतो. मुक्कामाला घरचे पाठवतील का, हा पुढचा प्रश्न. पालकांशी बोलायला कोणाला पाठवता तुम्ही?