थायोनिल क्लोराईडवर पाणी मारायचं नाही, मग अंगावर उडालं तर काय करायचं?

कोकणी_केमिस्ट
नमस्कार मंडळी. मी बल्क ड्रगच्या एका कंपनीत प्रॉडक्शनला आहे, कोकणातलीच एमआयडीसी, जॉइन होऊन सात महिने झालेत. गेल्या आठवड्यात सेकंड शिफ्टला ड्रममधून थायोनिल क्लोराईड (पाणी लागलं की ॲसिडचा धूर सोडणारं द्रव) रिॲक्टरमध्ये चार्ज करताना, म्हणजे भरताना, होजच्या कपलिंगमधून गळायला लागलं, बाहेर धो धो पाऊस, हवा नुसती दमट, दोन मिनिटांत शेडमध्ये एवढा पांढरा धूर झाला की समोरचा माणूस दिसेना आणि घशात असा ठसका की बोलता येईना. एक ऑपरेटर हायड्रंटचा होज उचलून धावला, त्याला शिफ्टच्या सिनियरने ओरडून थांबवलं, ते बरोबरच होतं. पण त्याच गडबडीत एका हेल्परच्या मनगटावर उडालं आणि त्यालाही सगळे तेच ओरडायला लागले, पाणी लावू नको, थायोनिल आहे, पाणी लावू नको. कोरड्या फडक्याने पुसत बसले आणि तीन-चार मिनिटांनी कोणीतरी त्याला शॉवरखाली ढकललं. मनगटावर मोठे फोड आलेत, पोरगा घरी आहे. मी तिथेच उभा होतो आणि खरं सांगतो, मलाही तेव्हा पाणी नको हेच बरोबर वाटलं. एमएसडीएस (केमिकलचं सेफ्टी माहितीपत्रक) वाचली तर त्यात दोन्ही लिहिलंय, पाण्यापासून लांब ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. नेमकं काय करायचं असतं?

शिफ्ट_इनचार्ज_बोईसर
भावा, आधी हे डोक्यात पक्कं बसव. सांडलेल्या मालावर पाणी नाही, माणसावर पाणी आणि तेही लगेच, भरपूर. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींचं कारण एकच आहे.

थायोनिलचा एक मोल (रेणू मोजायचं माप) पाण्याशी रिॲक्ट झाला की एक मोल सल्फर डायऑक्साईड आणि दोन मोल एचसीएल (हायड्रोजन क्लोराईड, ॲसिडचा गॅस) निघतो. हिशोब करून बघ, एक लिटर थायोनिल म्हणजे १.६४ किलो, ते थोड्याशा पाण्यात पूर्ण रिॲक्ट झालं तर जवळजवळ हजार लिटर गॅस. फरशीवर पाच लिटर सांडलंय आणि तू होज मारलास तर शेड भरलीच, वर माल उडून पसरतो तो वेगळाच. पण कातडीवर जे असतं ते थोडंसं असतं, आणि कातडीत, घामात पाणी आहेच की, म्हणजे रिॲक्शन तिथे तू पाणी न लावताही चालूच आहे. तिथे थोडं पाणी सगळ्यात वाईट, गरमही होतं आणि ॲसिडही तिथेच राहतं. म्हणून ओल्या फडक्याने पुसणं तर कधीच नको. भरपूर वाहतं पाणी मारलं की उष्णताही जाते आणि ॲसिडही. कपडे शॉवरखालीच काढायचे, लाजायचं नाही.

आता कपलिंगपेक्षा मोठी भीती सांगतो, कारण नवीन मुलांना ही कोणी सांगत नाही. रिॲक्टरच्या व्हेंटचा गॅस स्क्रबरला (गॅस पाण्याने धुणाऱ्या टॉवरला) जातो, तिथे एचसीएल पाण्यात झपाट्याने विरघळतो, आणि बॅच थंड करताना किंवा नायट्रोजन बंद पडला की व्हॅक्यूम होऊन स्क्रबरचं पाणी उलटं रिॲक्टरकडे खेचलं जातं. आत शेकड्यांनी किलो थायोनिल असताना पाणी आलं तर काय होईल तूच विचार कर. मध्ये रिकामी कॅच पॉट, म्हणजे उलटं आलेलं पाणी अडवणारं भांडं, हवीच, आणि ती प्रत्येक बॅचआधी उघडून कोरडी आहे का बघायची. तसंच कंडेन्सरची (वाफ थंड करणाऱ्या भांड्याची) ट्यूब फुटली तर कूलिंगचं पाणी सरळ आत. आमच्याकडे थायोनिलच्या कंडेन्सरची प्रेशर टेस्ट ठरलेल्या दिवशी होते म्हणजे होतेच, प्रॉडक्शन कितीही मागे असो.

ओएचसी_सिस्टर
मी एका कारखान्याच्या ओएचसीत (कारखान्याच्या आतल्या दवाखान्यात) बारा वर्षं नर्स आहे. वरच्या दादांनी सांगितलं ते बरोबर, थोडं माझं. निदान वीस मिनिटं पाणी, घड्याळ लावून, कारण पेशंट पाच मिनिटांत म्हणतो आता बरं वाटतंय. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून, लेन्स असेल आणि सहज निघत असेल तर काढून. सोडा, चुना, टूथपेस्ट, तूप, हळद, कातडीवर यातलं काहीही लावायचं नाही. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही.

आणि तुमच्या प्रश्नात मला फोडांपेक्षा जास्त काळजी धुराची वाटली. या गॅसने फुफ्फुसात पाणी भरणं लगेच होत नाही, काही तासांनी होऊ शकतं. माणूस शिफ्ट संपवून चालत घरी जातो आणि पहाटे दम लागतो. त्यामुळे ज्यांनी ज्यांनी तो धूर घेतला, खोकला असो नसो, त्यांना दवाखान्यात नजरेखाली ठेवायला हवं होतं, तुम्हीसुद्धा त्यात आलात. पेशंटबरोबर एमएसडीएसची झेरॉक्स पाठवाच, गावातल्या डॉक्टरांना थायोनिल म्हणजे काय हे माहीत असेलच असं नाही. अजूनही छातीत जड वाटत असेल तर आजच दाखवून या.

फायरवाला_रायगड
गळतीचं माझ्याकडून. पहिलं, वारा जिकडून येतोय त्या अंगाला सगळ्यांना काढा, विंडसॉक बघा, द्रव सांडला असेल तर निदान ५० मीटर रिकामं. हे दोन्ही गॅस हवेपेक्षा जड आहेत, गटारात, पिटमध्ये, तळमजल्यावर साचतात, तिकडे कोणी उतरायचं नाही. आत जाणाऱ्याला एससीबीए (पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला मास्क) आणि केमिकल सूट, कॅनिस्टर मास्क लावून एवढ्या धुरात शिरू नका. सांडलेल्यावर कोरडी वाळू किंवा कोरडी माती, लाकडाचा भुसा नको, आणि वरून प्लॅस्टिक, खास करून पावसात. पाण्याचा फवारा आम्ही वापरतो पण तो लांबून, धूर खाली बसवायला, गळतीवर किंवा ड्रमच्या तोंडात कधीच नाही, आणि ते पाणी नाल्यात न जाता अडवून ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला) गेलं पाहिजे. आग असेल तर डीसीपी (कोरडी पावडर) किंवा सीओटू. ड्रम फुगलेला दिसला तर आत ओल गेलीय असं धरून लांब व्हा.

आणि आतल्या आत मिटवू नका, कंट्रोल रूमला आणि मार्गच्या (आसपासच्या कारखान्यांच्या परस्पर मदत गटाच्या) टीमला पहिल्या मिनिटाला कळवा. १९८५ च्या डिसेंबरात दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम गळलं तेव्हा धूर कोर्टापर्यंत गेला होता, त्यावरूनच पुढे सुप्रीम कोर्टाने धोकादायक कारखान्यांवर पूर्ण जबाबदारी टाकली. धूर कंपनीच्या भिंतीपाशी थांबत नाही, पलीकडे वाडी असते, शाळा असते.

कोकणी_केमिस्ट
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, आम्ही तिघं जाऊन एक्स-रे काढून आलो, ठीक आहे, आणि हेल्परच्या घरीपण जाऊन आलो. आज शेडमध्ये फिरलो तर वाळूच्या बादल्या पावसाने ओल्या झालेल्या, हात घातला तर गोळा होत होता. शॉवर चार्जिंग पॉइंटपासून लांब, मध्ये ड्रम रचलेले. दोन्ही लिहून दिलं. बादल्यांना झाकण आणि ड्रम हलवणं आजच झालं, शॉवरची लाईन पुढच्या शटडाऊनला म्हणतायत. तोपर्यंत काय करू?

शिफ्ट_इनचार्ज_बोईसर
शटडाऊनपर्यंत थांबू नको. शॉवर दहा सेकंदांत गाठता आला पाहिजे. तोवर चार्जिंग शॉवरजवळ हलवता येत असेल तर हलवा, नसेल तर लाईन येईपर्यंत थायोनिल चार्ज करणार नाही असं लेखी दे आणि त्यावर सेफ्टी ऑफिसरची सही घे. आणि रिकामे ड्रम भंगारवाल्याकडे तसेच जातात का तेही बघ, तिथे कोणीतरी ते पाण्याने धुतं.