मदत हवी आहे: सोन्याचे नॅनोकण पीबीएसमध्ये (खारट बफर द्रावणात) टाकले की निळे पडतात

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. बेळगावात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी 20 नॅनोमीटरचे, सायट्रेटवर स्थिर ठेवलेले सोन्याचे कण वापरतोय. जिवंत पेशींतून बाहेर पडणारं प्रथिन कणांच्या प्रकाश-शोषणाच्या शिखराच्या सरकण्यावरून टिपायचंय. शुद्ध पाण्यात शिखर 524 नॅनोमीटरला, रंग लालभडक. पीबीएसमध्ये काही मिनिटांत जांभळं, मग निळं. पेशी वाढवायच्या 10 टक्के सीरमच्या मीडियमात लाल राहतं, पण अँटिबॉडी लावूनही सिग्नल मिळत नाही. डीएलएससाठी (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारी चाचणी) कोल्हापूर गाठावं लागेल. त्याशिवाय काही तपासता येईल का, तेवढं सांगा की.

निपाणीवाला:
कण एकमेकांना चिकटतायत. सायट्रेट त्यांना फक्त ऋण भाराने दूर ठेवतं आणि पीबीएसमधलं मीठ तो भार झाकून टाकतं. सीरममध्ये लाल राहतात कारण अल्ब्युमिनसारखी प्रथिनं कणांवर थर धरतात. पण त्याच थराखाली तुमची अँटिबॉडी गाडली जाते.

आधी पेग-थायॉल (सोन्याला गंधकाच्या टोकाने चिकटून आवरण देणारी पॉलिमर साखळी) लावा, मीठ नंतर. शोषण 1 असलेल्या 10 मिली द्रावणात 2000 डाल्टन पेग-थायॉलचं 1 मिग्रॅ/मिली द्रावण 0.2 मिली घाला, रात्रभर हलवत ठेवा. मग सेंट्रिफ्यूजमध्ये 12,000 जी वर (गुरुत्वाच्या 12,000 पट बळावर) अर्धा तास फिरवून जादा पेग काढा. इथे आरपीएम (मिनिटाचे फेरे) धरू नका, रोटर बदलला की जी बदलतो. पेगच्या आधी मात्र अजिबात फिरवू नका, तळाशी गेलेले कण परत सुटत नाहीत.

तपासणीला डीएलएस नको: 900 मायक्रोलिटर कणांत 1.5 मोलर मीठ 100 मायक्रोलिटर घाला, अर्ध्या तासाने 520 आणि 650 ला शोषण बघा. 650चं वाढलं तर आवरण अपुरं.

अँटिबॉडीसाठी थोडं कार्बॉक्सिल-पेग मिसळून ईडीसी-एनएचएस या जोड-रसायनांनी जोडा. पेग फार लांब घेऊ नका. कण पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरपर्यंतच जाणतो, ते अंतर पेगनेच खाल्लं तर प्रथिन दिसणार कसं?

खानापूरकर:
आभारी आहे. कण थेट पेशींवर सोडले तर चालेल?

निपाणीवाला:
नको. काही तासांत पेशी ते गिळतात, आत पुंजके होतात आणि शिखर लाल बाजूला (लांब तरंगलांबीकडे) सरकतं. तो खोटा सिग्नल. काचेवर एपीटीईएस या चिकटवणाऱ्या रसायनाने कण बसवा, पेशी शेजारच्या खणात वाढवा. मीडियम फिनॉल रेड या रंगाशिवायचं घ्या, त्याचं 560चं शोषण तुमच्या शिखरावरच चढतं. आणि अँटिबॉडी नसलेली एक काच प्रत्येक वेळी सोबत ठेवा. गोल कणांत खरं सरकणं एक-दोन नॅनोमीटरचंच असतं, त्या काचेशिवाय ते पटवता येणार नाही.